वहीत न लिहिलेल्या बाया

मी मूळचा बिलोलीकडचा, बाप कोतवाल होता, दहावीत नापास झालो आन देगलूरच्या बाजूला एका गावात सरकारचं छोटं संग्रहालय होतं तिथं राखणदार म्हून चिकटलो. संग्रहालय म्हणजे काय, दोन खोल्या आन वावरात, विहिरीत सापडलेल्या दगडी मूर्त्या. झाडायचं, पुसायचं, आलेल्या माणसाचं नाव वहीत लिहायचं. अडतीस वर्षं हेच केलं बगा, दुसरं काय येत न्हाई मला.

त्यात एक आई होती, मांडीवर लेकरू, एक हात तुटलेला. पाटीवर मातृका लिहिलं होतं, पण गावात तिला लेकुरवाळी म्हणायचे. आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा उंबरा ओलांडती, तवा लेकरू तिच्या पायावर घालायची रीत, पार तेलंगणातून बाया यायच्या, तेलगू बोलत. आता संग्रहालयात पूजा चालत न्हाई, मूर्तीला हात बी लावायचा न्हाई, तसा नियमच हाय. पण दारात ओली बाळंतीण उभी असली तर तिला न्हाई कसं म्हणावं, तुमीच सांगा. म्हून मी काय करायचो, मंगळवारी सुट्टी असायची, मागचं दार उघडायचो, बाया हळदकुंकू लावायच्या, ओटी भरायच्या, गेल्या की मी ओल्या फडक्यानं समदं पुसून घ्यायचो. वहीत एकीचं नाव लिहिलं न्हाई. कसं लिहिणार, नोकरी गेली असती.

मग दोन वर्षाखाली नांदेडहून साहेब आले. म्हणले, सरकारला खर्च कमी करायचा हाय, लहान संग्रहालयं मोठ्यात मिळवायलेत. वही मागितली. एक शाळेची सहल, एक कुणी फोटो काढणारा, बाकी पानं कोरी. म्हणले, मामा, हितं तर कुणीच येत न्हाई. माझ्या तोंडाशी आलं होतं, साहेब, मंगळवारी येऊन बगा म्हून. पण भ्यालो. म्हणलं, न्हाई येत साहेब. मीच घालवलं बगा समदं. ट्रकात मूर्त्या चढवल्या तवा दोऱ्या मीच आवळल्या, रडू येईल वाटलं, आलं न्हाई, आजबी येत न्हाई, आतून नुसतं बधिर हाय.

आता मी नांदेडला मोठ्या संग्रहालयात गेटवर बसतो. परवा गंगव्वा आली, गावातली म्हातारी सुईण, यष्टीनं, संगं नातसून, तिच्या पदराखाली लेकरू. म्हणली, बाबा, आई कुठाय? काय सांगू तुम्हाला, हितं जागा न्हाई, आमच्याकडून आलेली खोकी मागच्या गोदामात तशीच पडलीत, एकबी फोडलं न्हाई, ती कुठल्या खोक्यात हाय ते मलाबी ठाऊक न्हाई. तिला गोदामापशी नेलं. शटरला कुलूप. नातसुनेनं खाली पदर पसरला, लेकरू त्या शटरपुढं ठेवलं, जरा थांबली, उचललं. गंगव्वानं माझ्या तोंडावरून हात फिरवला, म्हणली, तू हाईस तिच्यापशी, मग आमाला घोर न्हाई.

पुढल्या महिन्यात मी रिटायर व्हायलो. ते तिला सांगितलं न्हाई, खिडकीची जागा बगून यष्टीत बसवून दिलं. सुखी राहो ते लेकरू.