मऊ भात

(जुळे सोलापूर. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात नवरा-बायको. कुकरची शिट्टी होते.)

सोमशेखर: बंद कर की तो. भाताचा लगदा होईल.

महेश्वरी: होऊ दे. दुकानातल्या पोत्यात काय मिसळलंत, ते आधी सांगा.

सोमशेखर: तांदूळच की. खडे नाही मिसळले.

महेश्वरी: माझ्या लॅबमध्ये त्यातले मूठभर दाणे पोटॅशच्या पाण्यात ठेवले होते. काही जसेच्या तसे, काही पार विरघळले. एका वाणाचे दाणे असे वागत नाहीत. म्हणून एकेक दाण्याची जनुकं तपासली. दोन वाण निघाले.

सोमशेखर: नवऱ्याच्या दुकानाची झडती घेतलीस होय?

महेश्वरी: पाटीवर नाव माझं आहे. ‘शुगरवाल्यांसाठी, महेश्वरी मॅडमनी तपासलेला.’ मी तपासला त्याचा स्टार्च सावकाश पचतो. हा दुसरा मऊ, चिकट. खाल्ला की साखर भराभर चढते.

सोमशेखर: तुझा तो तांदूळ गार झाला की छर्रे. गिऱ्हाईक पिशव्या परत आणून आपटायचं. अव्वा पण म्हणाली, सोमू, चावत नाही रे.

महेश्वरी: म्हणून सख्ख्या आईच्या ताटातही मिसळलेलाच?

सोमशेखर: घरी वेगळा आणला असता तर तू विचारलं असतंस.

महेश्वरी: भाकरी सोडून दोन्ही वेळेला भात खातात त्या. सुनेनं तपासलाय, मग काय भ्यायचं, म्हणतात. पायाची जखम भरत नाहीये, दिसतंय ना?

सोमशेखर: हळू बोल. बाहेरच बसलीय ती.

महेश्वरी: आणि साखर का वाढली असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा काय म्हणालात? अव्वा चोरून पेढे खाते म्हणे. वर त्यांनाच ओरडलात. रिक्षात पदर तोंडाला लावून रडत होत्या. तुम्ही शेजारीच होता.

सोमशेखर: (कुकरखालचा गॅस बंद करतो.)

महेश्वरी: बोला की.

सोमशेखर: उद्या पाटी काढतो. माल परत पाठवतो. फक्त अव्वाला सांगू नकोस. परत माझ्या हातचं पाणीसुद्धा घ्यायची नाही.

महेश्वरी: मग जखमेला काय सांगायचं?

चंद्रिका: आई...

महेश्वरी: ये गं बाळा. अशी दाराआड काय उभी?

चंद्रिका: अज्जी पण इथंच होती. ती म्हणाली, आज भात नको, कालची भाकरी असली तर दे.

महेश्वरी: बरं. देते हं.

चंद्रिका: आई, अज्जीनं पेढे खाल्लेच नव्हते ना? मग बाबा तिला का ओरडले?