पॅकिंग होनार नाही

नाही मॅडम, घड्याळ चांगलंच आहे, सेल टाकून चालू करून दाखवतो — पन पॅकिंग होनार नाही. असंच न्या. पैसे वेगळे देता म्हनता, पैशाचा सवालच नाही, कागदच ठेवत नाही मी आता. फीत नाही, चमकी नाही. तुम्ही नवीन दिसता आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावात — बँकेत आल्या का? हां, तेच म्हनलं. नाहीतर इथं साऱ्याईले माहीत आहे, केशोरावच्या दुकानात गिफ्ट मिळते, पॅकिंग मिळत नाही. मागल्या दिवाळीपासून. नगरपंचायतीचे लोक आले होते — तुम्ही कचरा कमी केला, सत्कार करतो म्हने. मी म्हनलं, काऊन बा सत्कार? मी काही केलं नाही. हात उठत नाही, एवढंच. शाल घेऊन परत गेले बिचारे.

पहिले पॅकिंगसाठीच येत लोक. आतली वस्तू कोन पाहे? एवढासा कप राहे — त्याले डब्बा, डब्ब्यात थर्माकोल, वरून प्लास्टिकची पन्नी, मंग चमकीचा कागद, मंग फीत, अन् फितीवर तिचं फूल. तिचं म्हंजे माझ्या घरवालीचं, रुख्माचं. कैचीच्या पात्यावरून फीत अशी सर्रकन ओढे — आपोआप गोल होये. गोंदियाहून फोन येत, भाभीच्या हातचं फूल पाहिजे म्हनून. अन् भाऊबीज झाली का सारं फेकलेलं मागच्या बोळीत — कागद, पन्नी, मिठाईचे डब्बे, सारं एकात एक. घडीभर हाती राहे मानसाच्या, मंग फाडलं, फेकलं.

गाय होती आमची, मैना. रुख्माच्या भावानं दिली होती तिले, बिरसीच्या भुपेंद्रनं — भाऊबीजेतच. पायी घेऊन आला होता, गळ्यात दावं, बस. तिले कोन पॅकिंग करते… हसा, हसा, काही हरकत नाही. दूध देये, पन दुधासाठी नव्हती ती. रुख्मा तिच्याशी बोले — माझ्याशी बोले त्याहून जास्त. दिवाळी झाली अन् मैनानं चारा सोडला. पोट फुगलं. डॉक्टर आनला. अंगनातच पोट उघडलं त्यानं, अन् काढून राहिला, काढून राहिला — संपेच नाही. पन्नी, टेप, कागद, सारा चिकटून गोळा झालेला, मिठाईचा वास अजून त्याले. मी पान्याची बादली धरून उभा. त्यातून सोनेरी फूल निघालं. तसंच गोल — पोटात जाऊनही उलगडलं नव्हतं. रुख्मानं हातात घेतलं, बादलीत धुतलं, म्हनली — हे माझंच होय. बस.

गाय संध्याकाळी गेली. तेव्हापासून रुख्मा बोलत नाही. भांडन नाही, काही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. स्वयंपाक करते, ताट वाढते, कपडे धुते. सकाळी भाताची पेज काढते अन् मैनाच्या गव्हानीत नेऊन ओतते. कुत्रे पितात. मले रडू आलं नाही, खरं सांगू का. अजूनही येत नाही. दुकान उघडतो, दुकान बंद करतो. तुम्हाले कायले सांगून राहिलो, मलेच समजत नाही.

काय काढून राहिल्या पिशवीतून? कागद — घरूनच आनला? ठेवा तो. आत ठेवा, मॅडम. रागावून नाही राहिलो. पडद्यामागं घर आहे आमचं — बस, आलीच ती. रुख्मा, काही नाही, मॅडम जाऊनच राहिल्या… द्या तिले. घड्याळ द्या, मागून राहिली. जुन्या लुगड्याचा तुकडा आहे तिच्या हाती, धुतलेला — बांधून देऊन राहिली वाटते. बांधू द्या.

काय म्हनली? मॅडम, तुम्हाले विचारलं तिनं — कोनासाठी आहे म्हने. सांगा ना. नाही, माझ्याकडं नका पाहू, मले नाही विचारलं. तुम्हाले विचारलं. तुम्ही सांगा तिले, सावकाश सांगा. मी बाहेर उभा राहतो.