कुंकू लावलेला पाना

अंतरा : आबा, हा जुना हवेच्या फिल्टरचा काळा डबा बाजूला ठेवा. आता नवा पाईप थेट इंजिनाच्या तोंडाला, आणि पुढे हा लाल फिल्टर. बस, हो गया.

आबा : पंचवीस वर्षं बसलाय तो डबा तिथं. तुझ्या बाबाच्या लग्नाची वरात याच गाडीतून निघाली होती कंपू मोहल्ल्यातून.

अंतरा : आणि आता बाबाच विकायला निघालेत.

आबा : राघवनं, तुझ्या बाबानं, शब्द दिलाय मला. आज गाडी न थांबता किल्ल्यावर चढली आणि बारापर्यंत वरून फोन आला, तर ती आपली. नाही तर उद्या, दसऱ्याला, गिऱ्हाईक घेऊन जाणार.

अंतरा : चढेल. इंजिनाला हवाच पुरत नव्हती, म्हणून दम कोंडायचा तिचा. टेन्शन मत लो, आबा.

आजी : दम माझा कोंडला होता! गेल्या खंडेनवमीला किल्ल्यावर जाताना उरवाईच्या चढावर मलाच खाली उतरवलंत. तुम्ही गाडीत, आणि मी साडी सावरत मागून पायी.

आबा : वजन कमी करावं लागतं, लीला.

आजी : ऐकलंस गं? पन्नास वर्षं संसार केला मी या माणसाशी!

अंतरा : आबा, हसू नका, पाईप हलतो. हा शेवटचा क्लॅम्प... आवळला!

आजी : मग द्या तो पाना आणि पेचकस. पाटावर तलवारीशेजारी मांडते. एकदा हळदकुंकू वाहिलं की आज हत्याराला हात लावायचा नाही, आधीच सांगते.

आबा : वाहा, वाहा. काम फत्ते झालंय.

अंतरा : बसा, आबा. मारा सेल्फ.

(गाडी एकदा खोकते आणि गप्प होते. पुन्हा सेल्फ मारला, तरी तेच.)

अंतरा : अरे यार! सकाळी तर चालू होती.

आबा : रडू नकोस, बाळा. चुकतं माणसाचं.

अंतरा : रडत नाहीये मी. पण बाबा म्हणतील, चालती गाडी पोरीनं बंद पाडली.

आजी : ते मागून बघू. अहो, पूजेला बसायचंय. तुमचं चंदेरी उपरणं कुठाय? सकाळी खांद्यावर होतं.

आबा : खांद्यावरच तर...

अंतरा : आबा. मी म्हटलं होतं ना, इंजिनाच्या तोंडात फडकं कोंबा, स्क्रू आत पडायला नको? तुम्ही काय कोंबलंत?

आबा : फडकं शोधतच होतो मी. तू म्हणालीस, जल्दी करा!

आजी : अगं बाई! माझ्या माहेरचं उपरणं!

अंतरा : क्लॅम्प सोडावा लागेल. आजी, पाना...

आजी : कुंकू वाहून झालंय त्याला.

आबा : राहू दे, अंतरा. पूजेतलं हत्यार उठवून नाही चालवायची मला गाडी. जाऊ दे तिला.

आजी : जाऊ दे काय? ती तलवार तुमच्या पणजोबांपासून पाटावर आराम करतेय, तिला करू दे. पाना कामाचा आहे. घे गं. देवाला मी सांगते काय ते.

अंतरा : कुंकू पुसू?

आजी : मुळीच नाही. तसाच चालव.

अंतरा : निघालं! टोक थोडं काळं झालंय, आजी.

आजी : असू दे. पाईप नीट बसव आधी. हां, आता मारा सेल्फ.

आबा : वा! आवाज ऐक, लीला! कशी छाती काढून बोलतेय बघ.

आजी : बोलू दे. थांबा, बॉनेटला कुंकू लावते. आणि ऐका, या खेपेला मी उतरणार नाही.

आबा : नाही उतरवत. बस.

अंतरा : किल्ल्याच्या दरवाजातून आत आलो. आता दुसऱ्या गिअरवर घ्या, आबा.

आबा : हेच ते वळण. इथंच थांबली होती.

आजी : बोलू नका. पुढे बघा.

अंतरा : गेली! आबा, गेली! आजी, डोळे उघड, वर आलो आपण!

आबा : उतर, लीला. खाली अख्खं लष्कर शहर दिसतंय बघ इथून.

अंतरा : बाबांना फोन लावते.

आजी : साडेअकराच तर झालेत. आधी खाली जाऊन आणखी एकदा वर येऊ.