झाकलेलं बटण

चादरीच्या दुकानात रांग पुढं सरकेना. मालक भारतमामा आणि त्यांची भाची सोनम गल्ल्याजवळच्या नव्या स्क्रीनवर वाकले होते. यापुढं गिऱ्हाइकानं तिथंच बोट लावून काय हवं ते सांगायचं होतं. रांगेत सगळ्यात पुढं उभ्या असलेल्या अनसूयाबाई पिशवी पोटाशी धरून ऐकत होत्या.

"मामा, ह्या ओळी, हे रकाने. एका बटणाला एक खाना."

"चादरीचं बटण लई मोठं पायजे."

"त्याला दोन खाने दिलेत की."

"आन् तक्रारीचं कुटं गेलं?"

"अय्यो! त्याला आणि ऑर्डरला मी एकच खाना दिला. ऑर्डरच्या खाली झाकलं गेलं ते."

"म्हंजे हाय, पर दिसत न्हाय?"

"हो. थांबा, खालच्या ओळीत हलवते."

"हलवू नगंस! बेस बसलंय तितं."

"मामा, चूक आहे ती!"

"असू दे की. आपल्या मालाला तक्रारच न्हाय. बोला मावशी, काय दावू?"

अनसूयाबाईंनी पिशवीतून एका धुण्यातच रंग गेलेली चादर काढली आणि अख्ख्या स्क्रीनवर पसरली.

"ऑर्डरच्या खालचं बटण दाव."