कायदा, हळू आवाजात

समारंभाचे अध्यक्ष सन्माननीय भास्करराव मुळ्ये, व्यासपीठावर दाटीवाटीने विराजमान झालेले वाचनालयाचे कार्यकारी मंडळ, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या ग्रंथपाल उल्काताई बेहेरे, पहिल्या दोन रांगांतले निमंत्रित, त्यांच्या मागचे खरे वाचक, आणि चहा कुठवर आला हे पाहायला दाराशी उभे असलेले माझे पत्रकार मित्रहो,

विषयाकडे वळण्यापूर्वी मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. आत्ताच माझे स्वागत एक श्रीफळ देऊन झाले. माझ्या परसात अकरा माड आहेत. घरून निघालो तेव्हा आमची सौभाग्यवती खोबरेच किसत बसली होती. रत्नागिरीत माणसाला नारळ देऊन नेमका कोणता आनंद द्यायचा असतो, हे मला बावीस वर्षे वार्ताहरकी करूनही उमगलेले नाही. माझा दाट संशय आहे की या जिल्ह्यात सत्काराचे एकूण चारच नारळ आहेत आणि तेच फिरत असतात. मागे लांज्याला मिळालेल्या नारळाच्या शेंडीला मी गुपचूप हिरवा दोरा बांधला आणि तो पुढच्या एका समारंभाला भेट दिला. सात महिन्यांनी पावसला तोच नारळ, तोच दोरा, मला सन्मानपूर्वक परत मिळाला. अध्यक्षांनी याची चौकशी करावी. आपल्याला सवड मिळेल तेव्हा करावी, घाई नाही. नारळ कुठे जात नाही.

मला बोलायला दहा मिनिटे दिली आहेत. त्यातले एक नारळाने घेतले. असो.

उल्काताईंविषयी याआधीचे वक्ते बोलले ते सगळे खरे आहे. एकतीस वर्षांत त्यांनी एकही पुस्तक हरवू दिले नाही, हेही खरे. त्यापायी माझ्या घरी दोनदा माणूस पाठवला होता, हे मात्र कुणी सांगितले नाही. पण मी बोलणार आहे ते त्यांच्या गुरुवारच्या तासाविषयी. कारण ताई परवा नाशिकला लेकीकडे जातील आणि येत्या गुरुवारी, चार जूनला, तो तास होणार की त्या खोलीला कुलूप लागणार, हा प्रश्न आजच्या निमंत्रणपत्रिकेत छापलेला नसला तरी इथल्या बऱ्याच जणांच्या मनात आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दीड वर्षापूर्वी वाचनालयाला संगणक मिळाला, पाठोपाठ इंटरनेटची जोडणी आली. कार्यकारी मंडळाला वाटले, आता ग्रंथसूची होईल. ग्रंथसूची अजून व्हायची आहे. ताईंना मात्र त्या संगणकात मुंबईच्या काही तरुण वकिलांनी तयार केलेले व्हिडिओ सापडले. विषय काय, तर सरकारी दवाखान्यात आपला कायदेशीर हक्क कोणता. बाळंतिणीला काय मिळायला हवे, आपले केसपेपर कसे मागायचे, डॉक्टरांनी नाही म्हटले तर तक्रार कुठे करायची. आठ-नऊ मिनिटांचा एकेक व्हिडिओ. ताईंनी ठरवले, दर गुरुवारी सकाळी दहाला ज्याला पाहायचे त्याने यावे, वर्गणीदार असो वा नसो.

भास्कररावांना हे कसे वाटले? भास्करराव, आपण हसताहात म्हणून सांगतो. आपल्याला ते मुळीच पसंत नव्हते. वाचनालयात ‘शांतता राखा’ असा फलक आहे, तो आपल्या तीर्थरूपांनी लावलेला. अखेर मंडळाने ठराव केला, तो माझ्याकडे उतरवून घेतलेला आहे: ‘सदर चलच्चित्रे दाखविण्यास हरकत नाही, मात्र ती मूक असावीत.’

त्यामुळे आपल्याकडे आरोग्यहक्काचे व्हिडिओ आवाज बंद करून दाखवले जात. पडद्यावर वकीलबाई हातवारे करून हिंदीत तोंड हलवत आहेत, आणि त्यांच्या शेजारी उल्काताई एका कानात इयरफोन घालून, खुर्चीच्या काठावर बसून तेच मराठीत कुजबुजत आहेत. ऐकणारे चार-पाच जण माना पुढे काढून, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसलेले. माझे थोडेबहुत शिक्षण संस्कृत पाठशाळेत झाले. गुरूच्या जवळ बसून हळू आवाजात ज्ञान घेण्याची आपली फार जुनी परंपरा आहे, असे आम्हाला शिकवले होते. ती मी प्रत्यक्ष पाहिली ती या संगणकापुढे.

आता आपली इंटरनेटची लाइन. नऊ मिनिटांचा व्हिडिओ पुरता भरायला पाऊण तास लागतो. म्हणून ताई सव्वानऊला येऊन तो सुरू करून ठेवत आणि पडद्यावर चिठ्ठी लावत, ‘हात लावू नये. चित्र भरत आहे.’ त्यानंतर साडेनऊला आपले दादू शिपाई झाडायला येत. दादूंची सेवा ताईंहून जुनी आणि वीज वाचवण्याचा बाणा त्याहून जुना. पोफळीला इतकी वीज तयार होऊनही आपल्याकडे रोज भारनियमन, याचा राग ते संगणकावर काढत आणि बटण बंद करत.

“दादू, चिठ्ठी वाचली नाहीत?”

“वाचली की. पण चित्र कुठं होतं, बाई? नुसतं चाक फिरत होतं. म्हटलं, बिघडलंय, उगाच जळत कशाला ठेवा.”

असे पाच-सहा गुरुवार झाले. अशा आपत्काळासाठी ताईंचा भाचा सलिल याने एक व्हिडिओ संगणकात कायमचा उतरवून ठेवला होता, तो होता अपघाताचा. मग काय, दादूंनी चाक थांबवले की त्या दिवशी सगळ्यांनी अपघात पाहायचा. बाळंतपणाचा कागद घेऊन आलेली बाई अपघात पाही, मोतीबिंदूवाले आजोबा अपघात पाहत. एका पावसाळ्यात हा तालुका आरोग्याच्या बाकी सर्व बाबतींत अनभिज्ञ आणि अपघाताच्या कायद्यात पारंगत झाला होता.

त्या काळात पूर्णगडहून बिल्किस आली. तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसली आहे ती. शेजारी तिचे यजमान नासिर, होडीवर असतात. बिल्किस तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती आणि तिला बाळंतिणीच्या योजनेचे पाहायचे होते. पण दादूंनी आधीच झाडून घेतले होते. मी त्या दिवशी वर्तमानपत्रे चाळत तिथेच होतो, म्हणून हा संवाद मला जसाच्या तसा आठवतो.

“मला अपघाताचा काय करायचाय ओ बाई? मला बाळंतपणाचा दाखवा.”

“आज एवढाच आहे, बिल्किस. आली आहेस तर बघून जा.”

“एस.टी.चं तिकीट काढून अपघात बघायला आले होय मी?”

पण बसली. ताई कुजबुजल्या, तिने ऐकले. अपघातात सापडलेल्याचा जीव वाचवणे आधी, पोलिसांचे कागद नंतर. कागदासाठी डॉक्टरांनी उपचार थांबवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवले आहे. तिने दोनदा विचारले, ताईंनी दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा तिनेच ताईंना म्हणून दाखवले.

तीन आठवड्यांनी भर दुपारी नासिरच्या स्कूटरला मागून एक ट्रक धडकून निघून गेला. मांडीचे हाड मोडले, डोक्याला खोक, शुद्ध नाही. बिल्किसने त्याला टेंपोत घालून एका दवाखान्यात आणले. कोणत्या, ते मी सांगणार नाही. पुढच्या रांगेत कोण कुठून आले आहे, मला ठाऊक नाही. खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितले, “अपघाताची केस दिसते. आधी पोलीस स्टेशनचा कागद आणा.”

मंडळी, अशा वेळी आपण काय करतो? एक तर कागद आणायला धावतो, नाही तर आरडाओरडा करतो. खिडकीतल्या गृहस्थांना दोन्हींची सवय असते. बिल्किस काउंटरवर वाकली आणि कुजबुजली. गृहस्थांना ऐकू येईना. त्यांनी कान पुढे केला. तिने पुन्हा कुजबुजून सांगितले, “आधी हात लावा, कागद मागाहून. मोठ्या कोर्टानं सांगितलंय, एकोणनव्वद साली. तुम्ही नाय म्हणता ते लिहून द्या, खाली तुमचं नाव घाला.” गृहस्थ उठले आणि डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरही वाकले. त्यांच्या कानातही तेच. नासिर चार मिनिटांत आत होता. अर्धा तास उशीर झाला असता तर काय, हे नंतर त्याच डॉक्टरांनी सांगितले, आणि ते मी आज बोलणार नाही.

मी बातमीसाठी पूर्णगडला गेलो तेव्हा तिला विचारले, “अगं, ओरडली का नाहीस?”

म्हणाली, “तिथं पण बोर्ड होता ना, शांतता राखा म्हणून. आणि बाईंनी मला तसंच शिकवलंवतं. मोठ्यानं कसं बोलतात ते, मला ठाऊक नाय.”

नासिर खाटेवरून म्हणाला, “घरात येतं की हिला मोठ्यानं.”

“तू गप रे. शुद्ध नव्हती तेव्हा बरा होतास.”

इंटरनेटवरच्या या व्हिडिओंचा उपयोग काय, असे मला आमच्या कचेरीत विचारतात. मी काय सांगू? याच कायद्यावर मी स्वतः तीन लेख लिहिले होते. वाचकांची दोन पत्रे आली. एकाने माझ्या लेखाबरोबरचे छायाचित्र जुने असल्याचे कळवले होते, आणि दुसरे पत्र चुकून आले होते. माझ्या लेखाने बावीस वर्षांत कुणाला दवाखान्याच्या दारातून आत नेल्याचे मला आठवत नाही. नऊ मिनिटांच्या त्या मुक्या व्हिडिओने नेले. कायदा पुस्तकात असतो, पुस्तक कपाटात असते, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे तरी असते. व्हिडिओला किल्ली लागत नाही. मुंबईत कुणी एकदा नीट सांगितले की पूर्णगडच्या बाईला ते दहा वेळा पाहता येते आणि दहाव्यांदा सांगतानाही पडद्यावरची वकीलबाई वैतागत नाही. हा गुण माझ्यात नाही. आपल्यापैकी किती जणांत आहे, हे आपल्या घरच्यांना विचारावे.

पण तो व्हिडिओ मुंबईचा. ‘आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाशी संपर्क साधा,’ एवढे सांगून तो संपतो. ते कुठे आहे, कोणत्या जिन्याने वर जायचे, साहेब कोणत्या वेळी जागेवर असतात, हे ताई स्वतः जाऊन पाहून आल्या. एका मोठ्या कागदावर त्यांनी जिल्ह्यातल्या खिडक्या लिहून काढल्या. कोणती खिडकी, कोणते काम, जेवणाची सुट्टी कधी. ती सुट्टी पाटीवर अर्धा तास असते. ताईंच्या कागदावर खरी वेळ आहे. तो कागद आता इतका दुमडला आहे की घड्यांवरची अक्षरे फक्त ताईंनाच वाचता येतात.

तर ताईंनंतर कोण, हा प्रश्न कार्यकारी मंडळापुढे आला. शेवटी भास्करराव म्हणाले, “वार्ताहर तिथे रिकामे बसलेलेच असतात.” आणि ठराव एकमताने झाला. एकमत करणाऱ्यांत मी नव्हतो. पण मी नाही म्हणालो नाही. म्हटले, कायदा मला येतो, भाषा मला येते, कुजबुजणे शिकता येईल. तास चालू राहील, असे मी इथे सगळ्यांसमोर सांगून टाकतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

सरावासाठी परवाच्या गुरुवारी ताई मागे बसल्या आणि मी पुढे. येसूबाई नावाच्या एक म्हाताऱ्या आल्या. नवरा सरकारी दवाखान्यात दाखल, हातात बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी. मी व्हिडिओ लावला आणि सविस्तर विवेचन केले. त्यांनी विचारले, “मग मी कुणाला सांगू?” मी पुन्हा विवेचन केले. त्यांनी पुन्हा तेच विचारले. पाच वेळा. पाचव्या वेळी मी म्हणालो, “आजी, मी हे सर्व आपल्याला आत्ताच स्पष्ट केले आहे.” शब्द अगदी सभ्य होते. येसूबाईंनी चिठ्ठीची घडी घातली आणि म्हणाल्या, “ऱ्हाऊंदे. तुमाला उगाच तरास.” आणि गेल्या.

मला वाटले, समजले त्यांना, म्हणून गेल्या. मी पुढचा व्हिडिओ भरायला लावला. वळून पाहिले तर ताईंची खुर्ची रिकामी. त्या चपलाही न घालता बस स्टँडच्या रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. येसूबाईंना हाताला धरून परत आणले, आपला तो कागद उलगडला आणि म्हणाल्या, “चार नंबरच्या खिडकीत. चष्मेवाले आहेत, त्यांना सांगा. चला, मीच येते.”

उल्काताई, आपण आम्हाला जे दिले त्याबद्दल वाचनालय, बिल्किस, नासिर आणि त्यांची सात महिन्यांची लेक आयात, जी आत्ता मागे रडते आहे, या सर्वांच्या वतीने मी आपले आभार मानतो. दादू, आपलेही, आपण ते चाक थांबवले नसते तर काय झाले असते, याचा विचार करायला मी धजत नाही. अध्यक्षांना मी बरेच चिडवले, ते त्यांनी मोठ्या मनाने घेतले. माझ्या बोलण्यात आज जे कमी-जास्त झाले असेल ते आपण सर्वांनी पोटात घालावे. भाषणातली चूक पोटात घालता येते.

पण ताई, पुढच्या गुरुवारी माझ्यासमोरून कुणी असेच चिठ्ठीची घडी घालून उठून गेले, तर ते मला कळणारही नाही. मला त्याचीच भीती वाटते.