उतारावर वाचवलेलं डिझेल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, वर्कशॉपमधले माझे सोबती, ड्रायव्हर-कंडक्टर बंधुभगिनी, आणि आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान! घरच्या माणसाबद्दल चार शब्द बोल, असा मला आदेश झालाय. बोलतो.

या डेपोला डिझेल वाचवायला भाऊजींनी शिकवलं, याबद्दल दुमत नाही. टायरात हवा कमी असली की गाडी जास्त पिते, एअर फिल्टर तुंबला की तिचा दम कोंडतो, लांबवर लाल दिवा दिसला की आधीच पाय उचला; सगळं त्यांनी आमच्याकडून घोटून घेतलं. आम्ही दोघं एकाच बसवर. सकाळी ते, दुपारी मी. गाडी तीच, रस्ता तोच, पण बचतीची फिरती ढाल फिरायची कुठे? त्यांच्याच कपाटात! मी म्हणायचो, असतो एकेकाच्या हाताला गुण.

मग तो अपघात झाला. टेकडीच्या उतारावर माझे ब्रेक लागले नाहीत, बस भिंतीवर गेली, एका बाईंचा हात मोडला. ब्रेकचे लायनर जळालेले निघाले. भाऊजींनी चौकशीत सांगितलं, सकाळी गाडी ठणठणीत होती, मेहुण्याचा पाय ब्रेकवर जरा जड आहे. झालं. माझं स्टिअरिंग गेलं आणि मी वर्कशॉपात टायरांत हवा भरायला लागलो. ताई म्हणाली, यांनी रदबदली केली म्हणून नोकरी तरी राहिली. मी त्यांच्या पाया पडलो हो!

गेल्या रविवारी ताई-भाऊजींना माझ्या गाडीतून नेत होतो. तोच उतार आला. भाऊजी शेजारी, निवृत्तीच्या खुशीत. म्हणाले, "अरे, इंजिन बंद कर, सोड न्यूट्रलवर. बस मी कायम अशीच उतरवायचो. ढाल काय उगाच मिळायची?"

इथल्या ड्रायव्हरांना मी काय सांगावं? गिअरमध्ये असली की उतारावर गाडीला इंजिन धरून ठेवतं. ते बंद केलं की सगळा भार ब्रेकवर. रोज सकाळी ते ब्रेक जाळत होते, आणि दुपारी त्याच ब्रेकवर मी माणसं घेऊन उतार उतरत होतो. उतारावर न्यूट्रल कधीही नाही, हे वर्गात फळ्यावर कोणी लिहिलं होतं? यांनीच.

मी गाडी कडेला घेतली. विचारलं, चौकशीत का नाही बोललात? म्हणाले, "आता कशाला उकरतोस? घरातलीच गोष्ट आहे." मी मागे वळून पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत होती. तिला नवल वाटलेलं नव्हतं, आणि मला तेच जास्त लागलं.

अध्यक्ष महोदय, आता आभार मानायला भाऊजी उठतील. मला स्टिअरिंग परत नको, वय झालं माझं. फक्त ते ब्रेक कोणी जाळले, एवढं त्यांनी सगळ्यांसमोर सांगावं.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनाने माफ करा. त्या ब्रेकची माफी मात्र मी आता मागणार नाही. या भाऊजी, माईक घ्या.