उजव्या खिशाचा कोट

...आणि वर मलाच विचारतात, 'एवढं काय झालं त्यात?' एवढं काय झालं! अहो, छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे आला, हे झालं! आता तुम्ही म्हणाल, खिशाला काय डावं आणि काय उजवं, पेन्सिल राहिली म्हणजे झालं. मीही तेच म्हणत होतो. मला कपड्याचं काही नाही हो! सव्वीस वर्षं बातमीदारी केली ती एका काळ्या डगल्यावर केली. नागपूरला कॉलेजात असताना शिवलेला, गुडघ्यापर्यंत लांब, कोपरावर आरशासारखा चकचकीत. डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणं, आणि मी कचेरीत शिरलो की तहसीलदार उगीचच चष्मा पुसायला लागायचे. डगल्याला भिऊन? नाही हो, लेखणीला!

पण आमचे शेषराव! मलकापुरातल्या आमच्या साप्ताहिकाचे मालक. वय अठ्ठावीस. वडील वारले आणि छापखाना हाती आला. मला म्हणतात, 'काका, बुलढाण्याला नव्या कलेक्टरसाहेबांच्या बंगल्यावर ॲट होम आहे, चहापानाचा समारंभ. पेपरवाल्यांना पहिल्यांदाच बोलावलंय. तुम्ही जा, पण ह्या वेषात नका जाऊ. परवा मोटारस्टँडवर एक बाई तुम्हाला लग्नाचा मुहूर्त विचारत होती, मी पाहिलं.'

खरं होतं ते. आणि लाज वाटते सांगायला, मी सांगितलाही होता.

'नाही तर मी जातो,' म्हणाला, 'माझ्याकडे सूट आहे.'

आता हा जाऊन काय करणार? चहा पिणार आणि केक खाणार! मला तिथे काम होतं. धामणगाव बढ्याच्या पुढे एक लहानसं गाव आहे, तिथल्या विहिरीला नागपूरहून मंजुरी येऊन तीन वर्षं झाली. विहीर कुठाय? कागदावर! कागद कुठाय? देवाला माहीत! गावच्या बाया दोन कोसांवरून पाणी आणतात. मी तीनदा लिहिलं त्यावर. तर तिथल्या गोजरबाई डोक्यावर हंडा, कमरेवर घागर, अशा रस्त्यातच मला अडवून म्हणाल्या, 'भाऊ, तुमचा पेपर आमच्या गावात कोनी वाचत नाही, थो साहेबबी वाचत नसन. तुम्ही त्याच्या तोंडावर बोला ना एक डाव.' मग अर्ज केला. त्रेचाळीस अंगठे! आणि मी मारुतीच्या पारावर उभं राहून, सगळ्या गावासमोर, हात वर करून सांगितलं की हा कागद मी स्वतः साहेबांच्या हातात देईन. टाळ्या पडल्या हो!

म्हणजे जायला तर हवंच. आणि जायचं तर कोट हवा. नवा कोट म्हणजे माझा दोन महिन्यांचा पगार. पण आमच्या घरी एक डोकं आहे, ते माझं नव्हे. म्हणाली, 'अवो, डगला उलटवून घ्या ना. माह्या भावानं घेतला व्हता, कोनाले समजलंबी नाही.'

उलटवणं म्हणजे काय, ते सांगतो. शिंपी सगळी शिवण उसवतो, कापड पालथं करतो, विटलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर, आणि पुन्हा शिवतो. गेलो गुलाम रसूलभाईंच्या दुकानात. त्यांनी डगला उजेडात धरला, बोटाने चाचपला, म्हणाले, 'वा! कपडा तं अव्वल हाय भाऊसाहेब. खालून कापून आखूड कोट करतो, आजकालच्या फ्याशनचा, आन् उरलेल्यातून रुंद कॉलर. पण एक गोठ हाय. कपडा पलटला का सारंच पलटते. खिसा उजवीकडं जाईन. थो रफू करून डावीकडं नवा काढाचा म्हणसान तं चार रोज लागतीन.'

चार दिवस! ॲट होम परवावर आलेलं! आणि मी काय बोललो? ह्याच तोंडाने बोललो! 'रसूलभाई, मला कपड्याचं काही नाही हो! खिसा पाठीवर लावलात तरी चालेल!'

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. 'जशी मर्जी,' म्हणाले.

पण तुम्हाला सांगतो, कोट असा झाला... असा झाला! वर काळी फेल्ट टोपी, पगडी गेली फडताळात, जोड्यांना काळं पॉलिश. आरशात पाहिलं तर दहा वर्षं कमी! घरी म्हणाली, 'पुन्हा फिरा बरं.' मी फिरलो. दोनदा फिरलो. पन्नाशीला आलेला माणूस, सरकारवर अग्रलेख लिहिणारा, स्वतःच्या ओसरीवर भिंगरीसारखा फिरतो आहे! एवढंच नव्हे, मोटारस्टँडला जायला जवळची गल्ली सोडून मुद्दाम बाजारातून गेलो. मला कपड्याचं काही नाही म्हणणारा मी!

मोटार भरलेली. घाट चढताना शेजारी कोण, तर उत्तमराव, कचेरीतले जुने हेडक्लार्क, तेही ॲट होमलाच निघालेले. माझ्या छातीकडे पाहतात, पुन्हा पाहतात, आणि हळूच, 'कोणाकडून उलटवला? झ्याक उलटवला.'

'कशावरून म्हणता?'

'बातमीदारसाहेब, खिसा! आमच्या कचेरीत अर्धे कोट उजव्या खिशाचे आहेत. ज्याचा खिसा उजवा, त्याची बढती राहिली, असं आम्ही धरून चालतो.' आणि मग मोठ्याने, सगळ्या मोटारीला ऐकू जाईल असं, 'काय ते तुम्ही लिहिलं होतं दोन वर्षांखाली, त्या शाळा तपासणाऱ्या गृहस्थावर? "विद्या जुनी, कोट उलटा, खिसा उजवा आणि मान ताठ!" पाठ आहे आपल्याला!'

मी लिहिलं होतं हो ते. मीच. आणि लिहून झाल्यावर फार हसलो होतो.

तिथून पुढे बुलढाणा येईपर्यंत मी डोळे मिटून बसलो.

बंगल्यावर गेलो तर हिरवळ, खुर्च्या, वकील, सावकार, डॉक्टर... आणि प्रत्येकाच्या छातीवर डावीकडे, डावीकडे, डावीकडे खिसा, त्यात रुमालाचं टोक! मी काय केलं असेल? हातात अर्ज होता. घडी उघडली आणि डाव्या हाताने उजव्या छातीवर धरला. असा. नेमका झाकला गेला खिसा. त्रेचाळीस अंगठ्यांनी झाकला! आता एक हात खिशावर, दुसऱ्यात चहाचा कप, केक समोर आला तो खायचा कशाने?

तेवढ्यात एक डॉक्टर आले. फार मायाळू माणूस. 'दुखतंय का इथे?'

आता काय सांगू? म्हटलं, 'हो, थोडं.'

'उजवीकडे? मग हे हृदय नव्हे. यकृत! रोज किती घेता?'

दारूच्या गुत्त्यांविरुद्ध बारा अग्रलेख लिहिलेत मी! म्हटलं, 'डॉक्टर, मी थेंब घेत नाही!'

'सगळे असंच सांगतात,' म्हणाले, आणि चार लोकांनी मान हलवली.

आणि ते ऐकून साहेब स्वतः आले. गोरा साहेब, पण मराठी अशी की पुस्तक बोलतंय! 'आपली प्रकृती अस्वस्थ आहे काय? हा कागद आपण मजकरिता आणिला आहे काय?' आणि हात पुढे केला.

साहेबांचा हात माझ्यापुढे, एका वितीवर. फक्त माझा हात काढायचा होता हो! कागद द्यायचा, दोन वाक्यं बोलायची, तीन वर्षं अडलेलं काम तिथेच सुटलं असतं. आणि मागे, चहाच्या टेबलापाशी, उत्तमराव मान लांब करून बघताहेत...

'नाही साहेब,' मी म्हणालो. 'हा... हा उन्हासाठी आहे.'

'उन्हासाठी?'

'हो साहेब. तुमचे गुलाब फार छान आलेत.'

गुलाब! सव्वीस वर्षांत मी कोणाच्या गुलाबाला छान म्हटलं नाही! साहेब खूश झाले. म्हणाले, 'मी त्यांस दिवसातून तीन वेळा पाणी घालवितो.' आणि मी... मी 'वा!' म्हणालो.

तुम्ही म्हणाल, हा आता आठ दिवस तोंड लपवून बसला असेल. बसायचा विचार होता. पण पारावर हात वर केला होता ना! तिसऱ्या दिवशी साधा सदरा घातला, फाट्यावर मोटारीतून उतरलो, आणि वैशाखाच्या उन्हात चालत गेलो त्या गावी. पारावर सगळे जमलेच. गोजरबाई पुढे. 'देला काय भाऊ कागद?'

खोटं बोलता आलं असतं. 'साहेब विचार करतो म्हणाले,' एवढं वाक्य पुरलं असतं, मी जन्मभर ते सरकारच्या तोंडचं छापलं आहे. पण नाही निघालं तोंडातून. सगळं सांगितलं. कोट, खिसा, यकृत, गुलाब.

म्हातारे मोतीराम पाटील, गालावर हात ठेवून, अगदी गंभीरपणे, 'म्हंजे आमच्या कागदानं तुम्ही खिसा झाकला?'

'हो.'

'सारे अंगठे?'

'हो पाटील.'

'मंग पुरा झाकला गेला, का थोडासाक दिसत व्हता?'

आणि हसले हो! पार हसला, पोरं हसली, ज्यांचं पाणी मी घालवलं ते लोक पोट धरून हसले. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

गोजरबाई तेवढ्या हसल्या नाहीत. घरात गेल्या, लोटा भरून आणला, माझ्यापुढे धरला. 'प्या भाऊ, उन्हातून आले. आन् कागद ठेवून जा इथंच. येत्या सोमवारी आमी बायाच जातो बुलढान्याले. आमच्या लुगड्याले खिसा नसते.'

कागद दिला. लोटा हातात. दोन कोसांवरचं पाणी, त्यांच्या डोक्यावरून आलेलं. अब्रूदार माणसाने काय करावं? हात जोडावे, 'नको बाई, माझी लायकी नाही,' म्हणावं, आणि तसंच चालू पडावं. मलाही कळत होतं ते. हजारदा कळत होतं.

पण तहान लागली होती हो... प्यालो. आणि आणखी एक लोटा मागून घेतला.